काडीकिड्याचे शरीर कसे वाचावे आणि त्याचे कूळ कसे ठरवावे

पावसाळ्यात नागपूरच्या आसपास शेताच्या धुऱ्यावर, बांबूच्या बेटात किंवा घरामागच्या झुडपांवर रात्री टॉर्च फिरवणाऱ्याला कधी ना कधी चालणारी काडी भेटते. तिचा फोटो काढून ‘ही कोणती जात?’ असे विचारणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा त्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण फोटो वरून, पूर्ण अंगाचा काढलेला असतो आणि ज्या खुणांवर कूळ ठरते त्या खुणा त्यात आलेल्याच नसतात. काडीकिडे आणि पर्णकीटक मिळून कीटकांचा जो गण होतो त्याला फॅझ्मॅटोडिया म्हणतात. त्यात आजवर सुमारे ३,५०० जातींची नोंद झाली असून त्यांतील बहुसंख्य जाती उष्ण कटिबंधातील आहेत. पुढील विवेचनात मलाया, बोर्निओ, न्यू गिनी आणि दक्षिण भारत येथील उदाहरणे अधिक येतील, कारण या गणातील शरीररचनेचे मोठे वैविध्य तेथे दिसते. मात्र पाहण्याची रीत आपल्या अंगणातल्या काडीकिड्यालाही तशीच लागू पडते.

नवोदिताने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. रंग, काटे, शेवाळासारख्या झालरी आणि एकंदर बारीक बांधा या गोष्टी ओळखीसाठी सर्वांत कमी भरवशाच्या आहेत. त्या भक्षकांना फसवण्यासाठी घडलेल्या आहेत आणि एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या वंशांत त्या स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उद्भवल्या आहेत; म्हणून जे सोंग पक्ष्याला चकवते तेच वर्गीकरण करणाऱ्यालाही चकवते. शृंगिकांची (डोक्यावरच्या मिशांची) लांबी, वक्षखंडांची (छातीच्या तीन भागांची) प्रमाणे, नडगीचे टोक, उदराचा शेवट आणि अंडे या पाच ठिकाणी सोंगाचा प्रभाव कमी असतो, आणि म्हणून निरीक्षणाचा बहुतांश वेळ तेथेच खर्च करावा.

साहित्य आणि हाताळणी

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, मऊ ब्रश, पारदर्शक झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि पांढरा कागद एवढे साहित्य पुरेसे आहे. असे भिंग नागपुरात सीताबर्डीवर वैज्ञानिक साहित्याच्या दुकानात चौकशी केल्यास मिळू शकते. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स उपयोगी पडते, पण पट्टी नसेल तर तिचा फारसा लाभ नाही, कारण इथले बहुतेक निर्णय प्रमाणांवर होतात.

किडा कधीही पायाला धरून ओढू नये. मांडीच्या बुडाशी असलेल्या ठरावीक जागी पाय स्वतःहून तोडून टाकण्याची क्षमता त्याच्यात असते आणि घाबरलेला किडा ती लगेच वापरतो. त्याच्यासमोर ब्रश किंवा काडी धरून त्याला आपणहून चढू द्यावे, मग डब्यात सोडावे. पोटाकडची बाजू पाहायची असल्यास त्याला उलटे पाडण्याची गरज नाही. तो झाकणाला लटकला की झाकणातूनच त्याची खालची बाजू दिसते आणि फोटोही स्वच्छ येतो.

हे सर्व स्वतःच्या अंगणात, शेतात किंवा परवानगी असलेल्या आवारात करावे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला किंवा नागझिरा यांसारख्या संरक्षित क्षेत्रांतून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि या नियमातून कीटकही सुटत नाहीत. तेथे केवळ पाहावे आणि फोटो काढावेत.

पहिली पायरी: हा खरोखर काडीकिडा आहे का?

काडीसारखे दिसणारे प्राणी अनेक आहेत आणि आपल्या भागात पहिली गल्लत गवतातल्या लांबोळक्या खंडोबाच्या किड्याशी, म्हणजे प्रार्थनाकीटकाशी होते. भारतात आढळणारा शिझोसेफाला बायकॉर्निस हा प्रार्थनाकीटक इतका बारीक असतो की प्रथमदर्शनी तो काडीकिडाच वाटतो. तो ओळखण्यासाठी पायांच्या जोड्या शरीराला कोठे जोडलेल्या आहेत ते पाहावे. प्रार्थनाकीटकात वक्षाचा पहिला खंड लांबलेला असतो, त्यामुळे मधली व मागची जोडी एकमेकींजवळ येते आणि पुढची जोडी त्यांच्यापासून दूर राहते. काडीकिड्यात पहिला खंड आखूड असतो आणि दुसरा व तिसरा लांबतो, म्हणून पुढचे पाय डोक्यालगत, मधले बरेच मागे आणि मागचे आणखी मागे असे तिन्ही जोड्यांमध्ये अंतर पडते. शिवाय प्रार्थनाकीटकाचे पुढचे पाय काटेरी आणि सावज पकडण्यासाठी दुमडणारे असतात. काडीकिडा केवळ पाने खातो आणि त्याचे पुढचे पाय चालण्याचेच असतात.

तलावातल्या पाणवनस्पतींत राहणारा रानाट्रा हा ढेकणांच्या गणातला आहे. त्याच्या शेवटी श्वासनळी असते आणि तोंडाजागी टोचणारी चोच असते. भिंतीच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यापाशी दिसणारे धाग्यासारख्या पायांचे शिकारी ढेकूणही असेच चोचवाले. काडीकिड्याच्या तोंडात चावणारे जबडे असतात आणि खालच्या बाजूने छोटे स्पर्शक दिसतात. फांदीला तिरपी चिकटून राहणारी अळी असेल तर तिला पुढे तीन जोड्या खऱ्या पायांच्या आणि अगदी मागे मांसल खोटे पाय असतात. तेवढे पाहिले की प्रश्न मिटतो.

दुसरी पायरी: प्रौढ की पिल्लू, नर की मादी

ओळखीसाठी लिहिलेल्या बहुतेक तालिका प्रौढ कीटकांसाठी असतात. काडीकिड्यात कोशावस्था नसते. अंड्यातून निघालेले पिल्लू आईसारखेच दिसते आणि कात टाकत टाकत वाढते. त्यामुळे पंख नसलेल्या जातीतले मोठे पिल्लू सहज प्रौढ समजले जाते. उदराच्या टोकाकडील पट्ट्या अपुऱ्या, मऊ आणि अस्पष्ट असतील तर ते पिल्लू समजावे आणि नोंदीत तसे लिहावे. त्याचे कूळ कदाचित सांगता येईल, पण जात सांगण्याचा हट्ट धरू नये.

नर आणि मादी यांतील फरक या गणात टोकाला जातो. मलायातील हेटेरॉप्टेरिक्स डायलाटाटा या जातीची मादी रुंद, हिरवी, काटेरी आणि जड असते, तिचे पंख अगदी छोटे असतात. नर सडपातळ, तपकिरी आणि मोठ्या मागच्या पंखांचा असतो. दोघांना शेजारी ठेवले तरी एका जातीचे म्हणून ओळखणे कठीण जाते. पर्णकीटकांत तर हा फरक शास्त्रज्ञांनाही अडवत आला आहे. न्यू गिनीतील नॅनोफिलियम या प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) केवळ नर माहीत होते. तेथूनच मिळालेल्या, फिलियम असेकिएन्से या नावाने नोंदलेल्या मादीची अंडी माँट्रियलच्या कीटकालयात उबवली गेली तेव्हा तिच्या पिल्लांतील नर नॅनोफिलियमचे निघाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिला नॅनोफिलियम असेकिएन्से असे नाव देण्यात आले. म्हणून एकाच झुडपावर बारीक आणि जाड असे दोन किडे दिसले तर ते दोन जातींचे आहेत असे गृहीत धरू नये. ते जोडीने दिसले तर त्याची नोंद अवश्य करावी.

काही जातींत नर क्वचितच सापडतात किंवा सापडतच नाहीत. तमिळनाडूतील पळणी डोंगरांतून युरोपात नेलेला कॅरॉशियस मोरोसस हा काडीकिडा शंभराहून अधिक वर्षे तेथील प्रयोगशाळांत वाढवला जातो आणि तो जवळजवळ पूर्णपणे माद्यांचा आहे. नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून पुन्हा माद्याच निघतात. या वस्तुस्थितीचा पाळणाऱ्यांच्या दृष्टीने काय अर्थ होतो ते शेवटी येईल.

तिसरी पायरी: डोके

डोक्यावर दोन संयुक्त डोळे आणि दोन शृंगिका असतात. साधे नेत्रबिंदू प्रामुख्याने पंख असलेल्या जातींत आढळतात. शृंगिकेची लांबी पुढच्या पायाच्या मांडीशी ताडून पाहावी. शृंगिका मांडीपेक्षा आखूड असेल तर किडा वर्गीकरणात एका दिशेला जातो, मांडीच्या कितीतरी पुढे जात असेल तर दुसऱ्या दिशेला. हे मोजताना एक अडचण येते. विश्रांतीच्या वेळी किडा पुढचे दोन्ही पाय आणि शृंगिका एकत्र जोडून सरळ समोर ताणतो, आणि मांडीच्या बुडाला जी वक्र खाच असते तिच्यात त्याचे डोके नेमके बसते. त्या अवस्थेत शृंगिका कोठे संपते आणि पाय कोठे सुरू होतो ते दिसत नाही. ब्रशने हलकेच डिवचून तो चालू लागला की मग फोटो काढावा. शृंगिका तुटलेली असण्याचीही शक्यता असते, म्हणून दोन्ही पाहाव्यात आणि लांब असेल ती मोजावी.

चौथी पायरी: वक्ष आणि पंख

वक्षाचे तीन खंड स्वतंत्रपणे मोजावेत. पहिला जवळजवळ नेहमीच आखूड असतो. त्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपाशी संरक्षक ग्रंथींची तोंडे असतात आणि काही जाती त्यांतून दाहक द्रव फवारतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातील ॲनिसोमॉर्फा बुप्रेस्टॉयडिस या जातीचा फवारा डोळ्यात गेला तर तीव्र वेदना आणि इजा होते. अनोळखी किड्याजवळ भिंग नेताना चेहरा सरळ त्याच्या रेषेत धरू नये, आणि हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत.

पश्चवक्षाच्या, म्हणजे वक्षाच्या तिसऱ्या खंडाच्या, मागे एक फसवी शिवण असते. उदराचा पहिला खंड पश्चवक्षाला घट्ट जोडला गेलेला असतो आणि त्याला मीडियन सेगमेंट म्हणतात. नवोदित त्याला वक्षाचाच भाग समजतो आणि पुढे उदराचे खंड मोजताना एकाने चुकतो. मागचे पाय जेथे जोडलेले असतात त्या पातळीवर, पाठीकडून पाहिल्यास, एक आडवी रेषा दिसते. तिच्या मागचा भाग हा मीडियन सेगमेंट. त्याची लांबी पश्चवक्षाच्या उरलेल्या भागाच्या तुलनेत किती आहे ते लिहून ठेवावे. पंख असलेल्या गटांत तो बहुधा लांब आणि बिनपंखी गटांत बहुधा आखूड असतो.

पंख असतील तर पुढची जोडी साधारणतः छोटी, चामड्यासारखी आणि खवल्यासारखी दिसते. उडण्याचे काम मागची जोडी करते. तिची पुढची कड जाड असते आणि मिटलेल्या अवस्थेत तेवढीच दिसते, तर उरलेला पातळ भाग जपानी पंख्याप्रमाणे तिच्याखाली घडी घालून ठेवलेला असतो. तो अनेकदा गुलाबी, पिवळा किंवा काळा असतो आणि धोक्याच्या वेळी एकदम उघडला जातो. मात्र पंख आहेत की नाहीत यावरून कूळ ठरवण्याचा मोह टाळावा. एकाच कुळात पूर्ण पंखांच्या, छोट्या पंखांच्या आणि बिनपंखी जाती शेजारी शेजारी असतात. काही वंशांत गेलेले पंख पुन्हा विकसित झाले असावेत असे मत २००३ मध्ये मांडले गेले आणि त्यावरील वाद अजून संपलेला नाही.

पाचवी पायरी: पाय

मांडी म्हणजे फीमर, नडगी म्हणजे टिबिया आणि पाऊल म्हणजे टार्सस, एवढ्या तीन संज्ञा लक्षात ठेवाव्यात. पाऊल जवळजवळ सर्व काडीकिड्यांत पाच तुकड्यांचे असते आणि शेवटी दोन नख्या व त्यांच्यामध्ये एक चिकट गादी असते. तुटलेला पाय पिल्लूपणी पुढच्या काती टाकताना पुन्हा वाढतो; असा पुन्हा वाढलेला पाय बहुधा छोटा असतो आणि त्याच्या पावलात पाचऐवजी चारच तुकडे असतात. त्यामुळे एकाच पायावरून निष्कर्ष काढू नये.

सर्वांत महत्त्वाची खूण नडगीच्या टोकाला, खालच्या बाजूने आहे. काही गटांत तेथे एक छोटा, त्रिकोणी, कडांनी बंदिस्त झालेला खोलगट भाग असतो. त्याला एरिया अपिकॅलिस असे नाव आहे. भिंगाखाली नडगी तिरप्या प्रकाशात धरल्यास तो दिसतो किंवा तेथील पृष्ठभाग साधा असल्याचे स्पष्ट होते. जुन्या वर्गीकरणात याच एका खुणेवर संपूर्ण गणाचे दोन भाग पाडले होते. डीएनएवर आधारित अभ्यासांनी ती विभागणी मोडीत काढली असली तरी कुळे वेगळी करण्यासाठी ही खूण अजूनही उपयोगी आहे, आणि माझ्या मते नवोदिताने दुसरे काही शिकले नाही तरी ही एक खूण पाहायला शिकावे. मांडी आणि नडगीवरचे दाते, पानासारखे पसरलेले भाग वगैरे जाती वेगळ्या करताना कामी येतात, कूळ ठरवताना फारसे नाही.

सहावी पायरी: उदराचे टोक

मीडियन सेगमेंट हा पहिला खंड धरून मागे मोजत जावे म्हणजे आठवा, नववा आणि दहावा खंड ओळखता येतो. जाती ठरवणारा मजकूर बहुतेक याच तीन खंडांविषयी असतो.

मादीत आठव्या खंडाची खालची पट्टी मागे वाढून एक होडीसारखी पट्टी तयार करते. तिला ओपर्क्युलम म्हणतात, आणि अंडे बाहेर पडेपर्यंत ते तिच्यात धरलेले असते. ओपर्क्युलम उदराच्या शेवटापर्यंत पोचते की पुढे जाते, टोकदार आहे की गोल, हे बाजूने काढलेल्या फोटोत दिसते. हेटेरॉप्टेरिजिडी कुळातील अनेक प्रजातींत ओपर्क्युलम आणि वरची पट्टी दोन्ही लांबून एक चोच बनते आणि मादी ती जमिनीत खुपसून अंडी पुरते. अशी चोच दिसली की हे कूळ ही पहिली शक्यता धरावी.

नरात नवव्या खंडाची खालची पट्टी फुगीर असते. तिच्या मागे, दहाव्या खंडाच्या खालच्या बाजूला, अनेक गटांत व्होमर नावाची एक कठीण आकडी असते. मिलनाच्या वेळी नर तिने मादीच्या उदराला धरून ठेवतो. दहाव्या खंडाच्या पाठीकडच्या पट्टीचे दोन फाटे आणि शेवटच्या दोन उपांगांचा, म्हणजे सर्सायचा, आकार हेही पकडीत भाग घेतात. नराच्या टोकाचे तीन फोटो काढावेत: वरून, बाजूने आणि झाकणातून खालून. या तिघांपैकी एकही नसेल तर जाणकारालाही मोघम उत्तरापलीकडे जाता येत नाही.

आंतररचना पाहण्यासाठी जिवंत किडा कापण्याचे नवोदिताला काहीच कारण नाही. एवढे माहीत असावे की मधल्या आतड्याला जोडलेल्या बारीक नळ्यांसारख्या उपांगांची एक रचना या गणाचे वैशिष्ट्य मानली जाते.

सातवी पायरी: अंडे

काडीकिड्यांची अंडी ही या गणाच्या अभ्यासातली सर्वांत मोठी सोय आहे. इतर अनेक कीटकांत अंडी एकसारखी दिसतात. येथे मात्र प्रत्येक अंडे कठीण कवचाचे, नक्षीदार आणि बीसारखे असते आणि पुष्कळदा त्यावरून प्रजाती, कधी कधी जातसुद्धा सांगता येते. आपण पकडलेली मादी प्रौढ असेल तर तिला ज्या झाडावर सापडली त्याच्या पाल्यासह काही दिवस डब्यात ठेवावे, तळाशी पांढरा कागद घालावा आणि पडलेली अंडी ब्रशने गोळा करावीत.

अंड्यात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे टोकाकडचे झाकण. पिल्लू तेच ढकलून बाहेर येते. त्याचा कोन आणि त्याच्यावर छोटी गाठ आहे की नाही हे लिहावे. या गाठीला कॅपिट्युलम म्हणतात आणि तिचा संबंध मुंग्यांशी आहे. ऑस्ट्रेलियातील एक्स्टाटोसोमा टायराटम या काटेरी काडीकिड्याची अंडी मुंग्या गाठीच्या मोहाने वारुळात ओढून नेतात, गाठ खातात आणि उरलेले अंडे टाकून देतात, त्यामुळे ते परजीवींपासून सुरक्षित राहते. पुढे त्यातून निघणारे पिल्लूही रूपाने आणि चालीने मुंगीसारखेच असते. दुसरी गोष्ट अंड्याच्या एका बाजूवरचा वेगळ्या रंगाचा किंवा पोताचा ठसा, म्हणजे मायक्रोपाइलर प्लेट. तिच्याजवळच्या सूक्ष्म छिद्रातून शुक्रपेशी आत जातात. तिची लांबी अंड्याच्या लांबीच्या किती पट आहे आणि तिचा आकार कसा आहे, याला वर्गीकरणात मोठे वजन आहे. तिसरी गोष्ट कवचाची नक्षी.

मादी अंडे कोठे आणि कसे घालते हीही नोंद करण्याजोगी खूण आहे. काही जाती ती नुसती खाली टाकतात, काही उदराला झटका देऊन लांब फेकतात, सायपिलॉयडिया सायपिलससारख्या जाती ती सालीला चिकटवतात, तर हेटेरॉप्टेरिक्स सात-आठ मिलिमीटर लांबीची, कीटकांतील सर्वांत मोठ्या अंड्यांत गणली जाणारी अंडी मातीत पुरते.

अंडी उबवायची असतील तर नागपूरच्या हवामानाचा विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कोरड्या हवेत अंडी सुकतात. डबा घरातल्या सर्वांत थंड, सावलीच्या खोलीत ठेवावा, तळाशी किंचित ओलसर नारळाचा भुसा घालावा आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. अति ओल झाली तर बुरशी येते. कॅरॉशियस मोरोससची अंडी खोलीच्या तापमानाला साधारण दोन ते चार महिन्यांत फुटतात, हेटेरॉप्टेरिक्सची मात्र वर्षभर किंवा त्याहून अधिक वाट पाहायला लावतात.

आठवी पायरी: कुळापर्यंत पोचणे

आता टिपणे समोर ठेवून पुढील क्रमाने निर्णय घ्यावा. पावलात तीनच तुकडे असतील तर तो टिमेमा, पण तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात राहतो आणि उष्ण कटिबंधाच्या आपल्या विवेचनात त्याला स्थान एवढ्यासाठीच की बाकीचे सर्व काडीकिडे मिळून जी शाखा होते तिच्यापासून तो सर्वांत आधी वेगळा झाला. उदर पानासारखे रुंद व चपटे आणि मांड्याही पसरट असतील तर फिलिइडी, म्हणजे पर्णकीटक. मादीचे पुढचे पंख मोठे आणि पानासारख्या शिरांचे असतात. भारतात पश्चिम घाट आणि ईशान्येकडील राज्यांत ते आढळतात. नख्यांना कंगव्यासारखे दाते असतील तर ॲस्किफॅझ्मॅटिडी, जे प्रामुख्याने आग्नेय आशियात असतात.

यानंतर नडगीच्या टोकाकडे वळावे. त्रिकोणी खोलगट भाग असेल, किडा आशियातील असेल आणि अंग दणकट व काटेरी असेल तर हेटेरॉप्टेरिजिडी. अमेरिकेतील असेल तर स्यूडोफॅझ्मॅटिडी ही पहिली शक्यता. भूमध्य प्रदेश व आफ्रिकेकडील बारीक, बिनपंखी किडा असेल तर बॅसिलिडीचा विचार करावा.

तो भाग नसेल तर शृंगिका निर्णय देतात. आशियातील बिनपंखी, अतिशय बारीक किडा, ज्याच्या शृंगिका पुढच्या मांडीपेक्षा आखूड आहेत, तो बहुधा फॅझ्मॅटिडी कुळातील क्लिटम्निनी या उपकुळाचा असतो. रॅम्युलस ही भारतात अनेक जाती असलेली प्रजाती त्यातलीच. शृंगिका मांडीच्या बऱ्याच पुढे जात असतील तर लाँकोडिडी. त्यातील लाँकोडिनी हे उपकुळ बिनपंखी आहे आणि नेक्रोसिनी बहुतांशी पंखांचे. कॅरॉशियस मोरोसस लाँकोडिनीत येतो, आणि त्याच्या मादीच्या पुढच्या मांडीच्या बुडाशी आतल्या बाजूला असलेला लाल डाग ही तिची उपयोगी खूण आहे. अमेरिकेतील अशाच बांध्याच्या किड्यांसाठी डायाफेरोमेरिडी पाहावे.

जुन्या पुस्तकांत वेगळीच कुळे दिसली तर गोंधळून जाऊ नये. ब्रुनर फॉन वाटनविल आणि रेडटेनबाखर यांनी १९०६ ते १९०८ या काळात या गणाची पहिली मोठी मांडणी केली, ग्युंथर यांनी १९५३ मध्ये ती बदलली, आणि पुढील अनेक दशके नडगीच्या खुणेवरची द्विभागणी चालत राहिली. लाँकोडिडी हे स्वतंत्र कूळ २०१८ पासून मानले जाऊ लागले. २०१९ मध्ये जनुकीय माहितीच्या मोठ्या विश्लेषणातून असे दिसले की बहुसंख्य काडीकिडे पूर्व गोलार्धातील आणि अमेरिकेतील अशा दोन मोठ्या शाखांत विभागले जातात. या शाखांना ओरिओफॅझ्माटा आणि ऑक्सिडोफॅझ्माटा अशी नावे आहेत. म्हणजे शरीराच्या ढोबळ साधर्म्यापेक्षा भूगोल नात्याविषयी अधिक सांगतो, आणि म्हणूनच वरील क्रमात ‘आशियातील’ किंवा ‘अमेरिकेतील’ असे शब्द वारंवार आले. प्रजातींची नावेही बदलत राहतात: कॅरॉशियस मोरोसस पूर्वी डिक्सिपस या नावाने, तर रॅम्युलसमधील कित्येक जाती बॅक्युलम या नावाने लिहिल्या जात. चालू नावासाठी फॅझ्मिडा स्पीशीज फाइल ही ऑनलाइन सूची पाहावी.

नोंद, मोजमाप आणि किडा परत सोडणे

लांबी डोक्याच्या पुढच्या कडेपासून उदराच्या टोकापर्यंत मोजावी, पाय व शृंगिका वगळून. हा नियम पाळला नाही तर तुलना निरर्थक होते. बोर्निओतील फोबेटिकस चानी या जातीची लांबी कोठे ५६.७ सेंटिमीटर तर कोठे ३५.७ सेंटिमीटर दिलेली आढळते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पहिला ताणलेल्या पायांसह आणि दुसरा नुसत्या शरीराचा. चीनमधील फ्रिगॅनिस्ट्रिया चायनेन्सिसचा ६२.४ सेंटिमीटर हा गाजलेला आकडाही पायांसहच आहे.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, गाव आणि ठिकाण, झाडाचे नाव, किडा पाने खात होता की नुसता बसला होता, लिंग, शरीराची लांबी, शृंगिका व मांडी यांची मापे, वक्षाच्या तीन खंडांची मापे, नडगीच्या टोकाची स्थिती आणि अंड्याचे वर्णन एवढे असावे. रंग शेवटी लिहावा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना डोके, नडगीचे टोक, उदराचे टोक आणि अंडे यांचे वेगळे फोटो एकाच नोंदीत जोडावेत आणि पट्टी त्यातल्या एकात तरी दिसू द्यावी.

आपल्या भागात पकडलेला किडा काम झाल्यावर रात्रीच्या वेळी त्याच झुडपावर सोडावा. दुसऱ्या प्रदेशातून आणलेला, किंवा कोणाकडून पाळण्यासाठी मिळालेला किडा मात्र कधीही मोकळा सोडू नये. कॅरॉशियस मोरोसस दक्षिण आफ्रिकेत आणि कॅलिफोर्नियात अशाच सुटलेल्या माद्यांपासून स्थिरावला आहे, आणि नराशिवाय प्रजनन होत असल्याने त्यासाठी एक मादी किंवा कचऱ्यात गेलेली मूठभर अंडीही पुरेशी ठरतात. अशा किड्याच्या डब्यातला जुना पाला, कागद आणि विष्ठा यांत अंडी मिसळलेली असतात. तो सर्व ऐवज पिशवीत बंद करून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा आणि त्यानंतरच टाकावा.